फोनवर नसलेली मुलं

१

सोमवारी जी मुलं वर्गात बसलेली विश्वासराव राजाध्यक्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, ती मुळात नव्हतीच, असं मंगळवारी संध्याकाळी निघालं.

एकदोन नव्हे, चांगली तीसेक मुलं. हरवली म्हणावं, तर कुणी शोधत नव्हतं. पळवली म्हणावं, तर बुधवारी सकाळी ती पाठीला दप्तरं लावून पुन्हा शाळेत हजर. विश्वासरावांचं डोकं पार चक्रावून गेलं होतं.

दिल्लीच्या एका झोन ऑफिसात अनुदानाचं टेबल त्यांच्याकडे होतं. सरकारी शाळांना वरून आलेला पैसा वाटायचा, हे त्यांचं काम. नियम ऐकायला सोपा होता. जितकी मुलं तितका पैसा आणि तितकेच शिक्षक. शंभरच्या खाली गेलेली शाळा मोठ्या शाळेत विलीन. पट कुणीही फुगवतो, म्हणून यंदा दोन चाळण्या लावल्या होत्या. आधी वर्गात जाऊन डोकी मोजायची आणि मग घरी फोन करून खात्री करायची.

लष्करी छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या त्या छोट्या शाळेत डोकी शंभरच्या वर भरली. मग फोन सुरू झाले. राजबीर क्लार्कने ऑफिसच्या फोनवरून हिंदीत विचारलं, तर एकजात सगळे हो म्हणाले. यादीतली मराठी नावं मात्र विश्वासरावांनी हौसेने स्वतःकडे घेतली. तीन पिढ्या दिल्लीत काढलेला माणूस. मराठी बोलायची संधी मिळाली की त्यांना दोन घास जास्त जात. आपली माणसं आहेत, आपल्या भाषेत गोड बोलू, मोकळेपणी सांगतील, असं म्हणून त्यांनी खिशातला मोबाइल काढला.

आणि एकूण एक बाई नाही म्हणाली. कुणी म्हणाली राँग नंबर. कुणी म्हणाली, आमचं कुणी तिथे शिकत नाही. एकीने तर तोडूनच टाकलं, "मला मुलगीच नाही."

"साहब, सब बोगस है," राजबीरने निकाल दिला. "आधार कार्ड देखिए. पढ़ते दिल्ली में हैं, पता सातारा का."

ही मुलं वजा केली की शाळा शंभरच्या खाली जात होती. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिका सुनयना वैद्य यांना शाळेतून काढून झोन ऑफिसात आणून बसवलं. पालकांशी संपर्क साधायचा नाही, असा हुकूमही हातात दिला. शुक्रवारी वाटपावर सह्या व्हायच्या होत्या. ती सही झाली की शाळेला कुलूप, मुलांना हायवेपलीकडची शाळा आणि सुनयनाबाईंवर खोटी मुलं दाखवल्याचा खटला. सही विश्वासरावांची होती.

पण मग सोमवारी त्या वर्गात बसली होती, ती मुलं होती तरी कुणाची?

२

सुनयनाबाई झोन ऑफिसच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. समोरचा चहा गार झाला होता.

"सर, एक मूल खोटं नाही," त्या म्हणाल्या. "फौजी घरची आहेत. वडिलांची बदली वर्षाच्या मधेच होते, दुसरीकडे सीट मिळत नाही. मी मराठी बोलते म्हणून या बायका माझ्याकडे येतात. बोगस ठरवलंत ते कशावरून, एवढं तरी सांगा."

"चौकशी गोपनीय आहे, मॅडम."

विश्वासरावांना खरं तर सांगावंसं वाटत होतं. फौजी असल्याचं त्यांच्या कानावर आधीच आलं होतं, म्हणून फोनवर त्यांनी प्रत्येकीला आपुलकीने विचारलंही होतं की, मिस्टर कुठल्या युनिटला, सध्या पोस्टिंग कुठे, घरी कधी येणार. एकीनेही उत्तर दिलं नाही. खरी फौजी घरं असती तर अभिमानाने सांगितलं नसतं का? बाईंचा चेहरा खरा वाटत होता आणि फोन खोटे पडत होते. कशावर विश्वास ठेवायचा ते विश्वास नावाच्या माणसाला कळेना.

तिथून ते गेले उदयसिंहकडे. शाळेपासून हाकेच्या अंतरावर त्याची खाजगी अकॅडमी होती. दारात पिवळ्या बसेस आणि भिंतीवर टॉपर मुलांचे फोटो. सरकारी शाळा बंद पडली तर दोन पैसे बाळगून असलेल्या आया कुठे येतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"अरे साहब, किराए के बच्चे," उदयसिंह हसत म्हणाला. "गिनती के दिन ले आए, शाम को छोड़ आए. पुराना धंधा है."

"तुमच्या बसमधून आणले?"

उदयसिंहचं हसू मावळलं. "मेरा नाम मत लीजिए इसमें," तो म्हणाला आणि त्याने चहा न विचारताच त्यांना दाराशी आणून सोडलं. चोराच्या मनात चांदणं, असं विश्वासरावांनी मनात म्हटलं. पण लगेच दुसरा विचार आला. भाड्याची मुलं मोजणीच्या दिवसापुरती आणतात. ही बुधवारीही का आली? फुकट कोण येतं शाळेत?

शाळेत लता आया फाटकाशी स्टूल टाकून बसली होती. आवाज असा की हायवेवरचा ट्रक थांबावा.

"बोगस? मैं रोज हर बच्चे का हाथ उसकी माँ के हाथ में देती हूँ," ती कडाडली. "माँ को पहचाने बिना भगवान को भी बच्चा न दूँ." मग आवाज उतरला. "बस, वो अर्पिता को कुछ हो गया है, साहब. आज सुबह से हाज़िरी में बोलती ही नहीं. मैडम भी नहीं है, किससे कहूँ?"

अर्पिता दुसरीत होती. दोन घट्ट वेण्या, बुटांना चकचकीत पॉलिश. विश्वासराव बाकावर तिच्या शेजारी अवघडून बसले आणि गोड मराठीत म्हणाले, "काय गं बाळ, हजेरीला का नाही बोलत?"

ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "मी नाहीये."

"नाहीयेस म्हणजे?"

"मी कुणाची नाहीये," अर्पिता म्हणाली, आणि तिने डोकं बाकावर टेकवलं.

३

म्हणजे उदयसिंह म्हणत होता ते खरं? कुणाचीच नसलेली मुलं खरोखरच कुणीतरी शहरभरातून गोळा करून आणत होतं? अनुदानाच्या टेबलाचं हे काम नव्हतं, हे पोलिसांचं होतं.

त्यात नोएडाला घरी पोचतात तो सोसायटीच्या गेटवर गार्डने अडवलं.

"सर, दो आदमी आए थे. पूछ रहे थे, यहाँ कोई इंद्रजित रहता है क्या, और उसका नंबर कौन चलाता है. पुलिस जैसे लगे, पर वर्दी नहीं थी."

इंद्रजित त्यांचा भाचा. दोन वर्षांपूर्वी तो परदेशी शिकायला गेला होता. आता भाच्याच्या मागे कोण लागलं? ते जिना चढतात न चढतात तोच मोबाइल वाजला. अनोळखी आवाजाने शांतपणे हिंदीत विचारलं, "आप कौन बोल रहे हैं? और छावनी के घरों में फ़ोन क्यों किया था?"

विश्वासरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी फोन कट केला, मग बंद केला, मग सुरू केला, आणि शेवटी बायकोच्या हातात देऊन टाकला.

"उदयसिंहचीच माणसं," ते म्हणाले. "मला धमकावतायत."

नीलाने फोन टेबलावर ठेवला. "धमकी कुठे दिली? नाव तर विचारलं. उद्या गुरुवार. उगीच तर्क लढवत बसू नका, विजयमालाताईंकडे जा. तुमचा गुंता सुटत नसला की त्याच सोडवतात, हे काय आजचं आहे?"

ते खरंच होतं. विजयमाला निंबाळकर म्हणजे त्यांच्या निवृत्त वरिष्ठ. हाताखालच्या अर्ध्या ऑफिसला त्यांनी रडवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला शिकवलं होतं. विश्वासराव दोन्हीत मोडत.

४

विजयमालाबाई लक्ष्मीबाई नगरात लेकीच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहत. विश्वासराव पोचले तेव्हा त्या बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलल्या नाहीत, आणि परात त्यांच्याकडे सरकवली.

"सोल. हाताला काम असलं की तू कमी बरळतोस. आता सांग, उदयसिंहवर संशय का?"

"फायदा त्याचा आहे ना."

"फायदा बऱ्याच जणांचा असतो. त्याने त्या बायकांकडून 'नाही' वदवलं कसं? तीस घरांत जाऊन? आणि एकही बाई फुटली नाही? यार विश्वास, तीस बायका एका दिवसात एकसारखं खोटं बोलतात, त्या कुणी पैसे दिले म्हणून नाही. त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. बरं, राजबीरने केलेल्या फोनपैकी किती नाही म्हणाले?"

"एकही नाही."

"आणि तुझ्यापैकी हो?"

"एकही नाही."

"अच्छा." त्यांनी एक शेंग फोडली. "म्हणजे मुलांमध्ये फरक असेल, नाहीतर फोन करणाऱ्यात. तू मुलांमध्येच शोधतोयस. मला फोन लाव. त्या बायकांना लावलास अगदी तसाच."

"आत्ता? इथून?"

"मग काय मुहूर्त बघतोस?"

विश्वासरावांनी समोर बसून फोन लावला. बाईंनी आपला मोबाइल वाजू दिला आणि हा नंबर त्यांच्याकडे सेव्ह नसल्यामुळे पडद्यावर आपोआप उमटलेलं नोंदणीचं नाव मोठ्याने वाचलं. "इंद्रजित. हा कोण?"

"भाचा. जाताना सिम मला देऊन गेला. नावच बदलायचं राहिलंय."

"बिल्कुल. आता बोल."

विश्वासरावांनी घसा खाकरला. "नमस्कार ताई! मी विश्वास राजाध्यक्ष बोलतोय, शिक्षण खात्यातून. घाबरू नका, मीही आपलाच मराठी माणूस. तुमची मुलगी छावणीजवळच्या शाळेत आहे ना? मिस्टर फौजेत असतात, हो ना? कुठल्या युनिटला? सध्या पोस्टिंग कुठे? सुट्टीवर कधी येणार?"

विजयमालाबाईंनी फोन ठेवला. मटारांचे हात पदराला पुसले. आधी त्या खुदकन हसल्या आणि मग त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"त्या मुलीचं वाक्य काय होतं? नीट आठव."

"मी कुणाची नाहीये."

"आणि तू म्हणालास, एक बाई म्हणाली, मला मुलगीच नाही. फोन किती वाजता केला होतास?"

"शाळा सुटल्यावर. दुपारी."

"म्हणजे मुलगी घरी होती." बाईंनी त्यांच्यासमोरची परात उचलून घेतली. "मला कळलं कोण आहे ते. उद्या शाळा सुटताना फाटकाशी मी येते. सह्या तोवर थांबव. एक अट आहे. तू तोंड उघडायचं नाहीस. एक अक्षर नाही."

"पण गुन्हेगार कोण?"

"काखेत कळसा," बाई म्हणाल्या, "आणि दिल्लीभर वळसा. पुरे झाले मटार, नीघ."

विश्वासराव मेट्रोत बसून राहिले आणि दोन स्टेशनं पुढे गेले. लता? राजबीर? की सुनयनाबाईच? ज्याचं नाव घ्यावं त्याचा चेहरा निष्पाप दिसू लागे.

५

शुक्रवारी दुपारी विजयमालाबाईंनी सुनयनाबाईंनाही बोलावून घेतलं. चौघं फाटकाच्या आत उभी राहिली. लता मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना दोन बाया आणि मागे तोंडाला कुलूप लावलेले विश्वासराव. घंटा झाली.

"फक्त बघ," विजयमालाबाई हळूच म्हणाल्या. "भाड्याची मुलं जातात कशी? एका गाडीत, एका माणसाबरोबर, सगळी मिळून. आता ही बघ."

लता एकेक नाव पुकारत होती. बाहेरच्या घोळक्यातून एकेक आई पुढे येत होती. एक बाई आली आणि तिने आधी पोराच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, मग दप्तर घेतलं. दुसरीने डबा उघडून बघितला आणि पोराला रागे भरली. तिसरीच्या कडेवर धाकटं होतं, ते दादाला बघून पाय हलवायला लागलं. या गोष्टी भाड्याने मिळत नाहीत. कुणालाही एक प्रश्न न विचारता, विश्वासरावांनी फोनवर खोडलेली मुलं एकामागून एक आपापल्या घरी निघाली होती.

आणि तेवढ्यात विश्वासरावांच्या खांद्यावर एक जड हात पडला.

"इंद्रजित साहेब ना?" कुणीतरी मराठीत विचारलं.

मागे साध्या कपड्यातले दोघं उभे होते, आणि त्यातल्या एकाने लावलेला फोन विश्वासरावांच्या खिशात वाजत होता. बोलणारा मध्यमवयीन, मिशीवाला, नजर सरळ. विश्वासरावांना तोंड उघडायची बंदी होती, आणि नसती तरी ते उघडलं नसतं.

"हे इंद्रजित नव्हेत," विजयमालाबाई मधे पडल्या. "हे विश्वास राजाध्यक्ष, शिक्षण खात्याचे. हे त्यांचं ओळखपत्र, आणि हे माझं जुनं. तुम्ही युनिटकडून आलात. मी तुमचीच वाट बघत होते."

त्या माणसाने दोन्ही कार्डं उलटसुलट करून पाहिली. मग खांद्यावरचा हात काढला. "सुभेदार शहाजी मोहिते," तो म्हणाला.

"सुभेदारसाहेब, मी सांगते ते चुकलं तर थांबवा," बाई म्हणाल्या. "मुलं पुन्हा पुन्हा शाळेत येतात, म्हणजे ती खरी. आयांना पैसे चारलेले नाहीत, तरी सगळ्या एकसारखं नाही म्हणाल्या, म्हणजे त्यांना कुणीतरी नाही म्हणायला शिकवलंय. फौजी घरांना कोण शिकवणार? फौजच. अनोळखी नंबरवरून कुणी शाळेचं किंवा सरकारचं नाव सांगून घरच्या माणसाचा ठावठिकाणा विचारला, तर काहीच कबूल करायचं नाही आणि युनिटला कळवायचं."

"हेर मुलांचं नाव घेऊनच विचारतात हो हल्ली," सुभेदार म्हणाले. "आपल्या भाषेत, ताई-ताई करत. भाषा जितकी गोड तितकी सावध राहा, असं मी स्वतः या बायकांना सांगितलंय. आणि यांचा फोन..." त्यांनी विश्वासरावांकडे बघितलं. "नाव एक सांगतायत, स्क्रीनवर दुसरंच. युनिट विचारतायत. सुट्टी कधी, तेही विचारतायत. माझ्याकडे एका संध्याकाळी सगळ्या घरांतून रिपोर्ट आले. माझ्या बायकांनी परीक्षा शंभर टक्क्यांनी पास केली, बघा."

विश्वासरावांना आपली फोनवरची प्रत्येक 'ताई' आठवली आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. राजबीर ऑफिसच्या फोनवरून दोन रुक्ष वाक्यं बोलला होता आणि कुणाचा नवरा कुठे आहे ते त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. त्याला सगळे हो म्हणाले. आपुलकीने वागायला जाऊन त्यांनी एक शाळा जवळजवळ बुडवली होती आणि एका बाईला चोर ठरवलं होतं.

"मॅडम," अट मोडून ते सुनयनाबाईंकडे वळले. "माझं चुकलं. फार मोठं चुकलं."

सुनयनाबाईंचे डोळे भरले होते, पण त्या रडल्या नाहीत. "सर, मला तीन दिवस त्या कोपऱ्यात बसवलंत," त्या म्हणाल्या. "एकदा जरी सांगितलं असतंत ना की आया नाही म्हणतायत, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं का ते."

विश्वासरावांनी पिशवीतून मुलांची यादी काढली.

"खात्याला आयांचा होकार लागतो ना?" सुभेदार म्हणाले. "युनिट, पोस्टिंग काही नाही. मूल माझं आहे, एवढंच. ते त्या इथे, माझ्यासमोर सांगतील." त्यांनी बाहेर जाऊन दोन शब्द सांगितले, आणि निघालेल्या आया एकेक करून फाटकाशी परत आल्या. विश्वासराव खालमानेने खुणा करत गेले. शाळा शंभरवर गेली, तेव्हा सुनयनाबाईंनी लताचा हात घट्ट धरला. सोमवारी त्या आपल्या खुर्चीत बसणार होत्या.

६

सगळ्यात शेवटी एक तरुण आई राहिली होती. तिचं नाव देविका. लताने अर्पिताचा हात तिच्या हातात द्यायला पुढे केला, पण मुलीनेच तो मागे घेतला. ती फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली.

"मंगळवारपासून असंच चाललंय," देविका कुणाकडेही न बघता म्हणाली. "जवळ येत नाही. मला वाटलं, बाबा सुट्टीला येणार होते ते आले नाहीत, म्हणून रुसलीय."

विजयमालाबाईंनी विश्वासरावांना कोपर मारलं. या वेळी बोलायचं होतं, हे त्यांना कळलं.

"ताई," ते म्हणाले, आणि त्या शब्दावरच अडखळले. "वहिनी, तो फोन माझा होता. तुम्ही मला म्हणालात, मला मुलगीच नाही. तेव्हा ही कुठे होती?"

देविकाचा चेहरा पांढरा पडला. "माझ्याजवळ," ती म्हणाली. "माझ्या हातून भात खात होती."

सुभेदार दुसरीकडे बघू लागले. बायकांना काय बोलायचं ते त्यांनी शिकवलं होतं, ते ऐकणाऱ्या पोरांचं काय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

देविका खाली बसली, तिथेच धुळीत, लेकीच्या तोंडासमोर. "अगं, तो खोटा फोन आहे असं वाटलं मला. बाबांना कुणी त्रास देऊ नये म्हणून मी खोटं बोलले, राणी. बाबांसाठी."

अर्पिता गज सोडेना. सात वर्षांच्या मुलीला खरं खोटं कळत होतं, पण तिच्या आईने ते वाक्य परक्या माणसाला सांगितलं होतं. घरात गुपचूप सांगितलेल्याने ते खोडलं जात नव्हतं. तिने विश्वासरावांकडे बोट दाखवलं.

"त्यांना सांग," ती म्हणाली.

देविका उठली. पदर सावरून विश्वासरावांसमोर उभी राहिली आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही माझी मुलगी आहे. अर्पिता. माझी."

विश्वासरावांनी शेवटची खूण केली. त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.

अर्पिताने गज सोडला आणि आईचा हात धरला. दोन पावलं गेली आणि थांबली.

"परत सांग," ती म्हणाली.